खिशातली शिडी

हे लिहू की नको, यातच माझा आठवडा गेला. म्हटलं, साहेबाच्या कानावर गेलं तर? मग म्हटलं, साहेब कुठं गोष्टी वाचतोय. लिहून टाकतो.

मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर आहे. वाफेची मोठी इस्त्री. सफाईवाले, ट्रॉलीवाले, लिफ्टवाले, सगळ्यांचे करडे कोट माझ्या हाताखालून जातात. कोट कुणाचाच नसतो. सगळे एकत्र धुतात, सकाळी खिडकीवर माप सांगायचं, मिळेल तो अंगात घालायचा. काल ज्यात लिफ्टवाला घामाघूम झाला, तो आज तुमचा.

नवा होतो तेव्हा एक गोष्ट कळेना. लोक कोट घ्यायचे, खिशात हात घालून चाचपायचे आणि परत द्यायचे. "हा नको, दुसरा दे."

धुतलेल्या कोटाच्या खिशात काय असणार, डोंबल? एका दुपारी मी एक खिसा उलटा करून बाहेर ओढला. आतल्या पांढऱ्या कापडावर निळ्या दोऱ्यानं केटली काढलेली. दुसऱ्यात मांजर. तिसऱ्यात शिडी.

फाटके कोट शिवायला आमच्या मावशी होत्या. मी तो शिडीवाला कोट घेऊनच गेलो.

"मावशी, हे उद्योग तुमचे?"

"कुठले?" मान वर नाही.

"ही शिडी कुणाची?"

"लंबूची."

लंबू ट्रॉली ढकलतो. माझा दोस्त. दारातून वाकून आत येतो, आणि त्याला शिडी! हसून हसून माझं पोट दुखलं.

"आणि केटली?"

"लिफ्टवाल्याची. दिवसभर शिट्ट्या मारतो ना मेला."

"पण कशाला हो हे सगळं?"

"तुला दुसऱ्याचा टॉवेल चालतो का रे?"

"छे!"

"मग?"

मी त्यांच्या हातातल्या सुईकडे बघितलं. "दोरा एवढा बारीक आणि सुई एवढी जाड? पोतं शिवताय का?"

"फार चौकशा तुला," म्हणाल्या. चार दिवसांनी एका कोटाच्या खिशात कान निघाला. तो माझा, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मग नवा साहेब आला. सकाळी खिडकीवर रांग का लागते, हे त्यानं शोधून काढलं. खिसे उलटे केले. "कोट हॉस्पिटलचा आहे, कुणाच्या बापाचा नाही," म्हणाला. आणि मावशींना, "सगळं उसवायचं. एक दोरा दिसता कामा नये."

"बरं साहेब."

मला असा राग आला! तो गेल्यावर म्हटलं, "नुसतं बरं?"

"मग काय, कुस्ती खेळू त्याच्याशी?"

उसवलं त्यांनी. सगळं. टेबलावर निळ्या दोऱ्यांचा गुंता पडला, चिमणीच्या घरट्याएवढा. साहेबानं खिसे तपासले, खूश झाला, आणि मावशींना पलीकडच्या इमारतीत चादरींवर धाडलं. कोटांना हात लावायचा नाही. बोटाला लावायची टोपी आणि कात्री डब्यात टाकून त्या गेल्या. मागे वळून बघतील वाटलं. नाही बघितलं.

दुसऱ्या सकाळी लंबूनं कोट घेतला, सवयीनं खिशात हात घातला. काहीच लागेना. खिसा बाहेर ओढला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि मला हाक मारली.

"अरे, इकडं ये."

भोकं. दोरा नव्हता, पण जाड सुईचं एकेक भोक उजेडानं भरलेलं. पायरीवर पायरी. शिडी होती तिथंच.

मी जेवणाच्या सुट्टीत पलीकडं पळालो.

"मावशी, सुई मुद्दाम जाड घेतलेली?"

"आधीच्या साहेबानंही उसवायला लावलं होतं. तेव्हा बारीक सुई होती. काही म्हणजे काही उरलं नाही." मशीन चालूच. मग थांबल्या. "पण तुझी वाफ लागली की ही भोकंही मिटतील. सूत फुगतं ना."

त्या दिवसापासून मी खिशांना वाफ लागू दिली नाही. आठवडाभर सगळे खिडकीशी खिसे उलटे करून उभे. साहेबानं विचारलं, "काय शोधताय?"

लिफ्टवाला म्हणाला, "काही नाही साहेब. खिसा रिकामा आहे ना, तेवढं बघतोय."

साहेब काय दूधखुळा नाही. त्यानं एक खिसा स्वतः उजेडात धरला. तसाच थेट माझ्याकडे आला. "खिशांवर दोनदा वाफ मार. भोकं बुजली पाहिजेत. नाहीतर तूही चादरींवर."

"बरं साहेब," मी म्हटलं. तोंडातून मावशींचाच सूर निघाला.

लंबू दारात उभा होता, वाकून. सगळं ऐकलेलं.

"मारणार?"

मी त्याचा कोट इस्त्रीवर पसरला. बाह्या दाबल्या, पाठ दाबली, कॉलर दाबली. खिसा बाहेर ओढून कडेला लोंबकळत सोडला.

"चादरींवर जाशील, येड्या."

"जाईन तेव्हा जाईन."

"आणि भोकं धुण्यात मिटली तर? कोट रोज गरम पाण्यातून जातात."

"मिटतील तेव्हा मावशींकडून जाड सुई आणीन आणि होती त्याच जागी परत टोचीन. दोऱ्याला बंदी आहे, भोकांना कुठंय? तुझी शिडी मी बुजू देणार नाही, लंब्या. शब्द."