दंडातली नस

माझे मालक चनमल्लप्पा हट्टी आहेत, हे साऱ्या मुडबी गावाला माहीत आहे. पण गुलबर्ग्याच्या दवाखान्यात त्यांनी कहर केला.

फ्लूचा ताप छातीत उतरला होता. ऑक्सिजन लावूनही धाप थांबेना, तेव्हा डॉक्टर नेत्रावती म्हणाल्या, "पालथं झोपवा. फुप्फुसाला जागा मिळते."

मालक पालथे व्हायला तयार नाहीत. कारण गळ्यातलं इष्टलिंग. लहानपणी दीक्षा घेतल्यापासून चांदीच्या डबीतलं ते लिंग त्यांनी कधी अंगावेगळं केलेलं नाही. आताही काढायचं नाही, आणि पालथं झोपलं की देव अंगाखाली येतो.

"शिवाला खाली दाबून म्या वर झोपू व्हय?" धापा टाकत ते म्हणाले.

नर्सनं समजावलं. कोळारच्या कारखान्यातून रजा काढून आलेले माझे दीर बसवप्रभु यांनी गावच्या स्वामींना फोन लावून दिला. स्वामी म्हणाले, खुशाल झोपा. तरी नाही. स्वामींपेक्षा यांचीच भक्ती मोठी. यात दोन दिवस गेले, आणि शेवटी माझं डोकं फिरलं. दोरा न काढता मी डबी फिरवून त्यांच्या पाठीवर नेली आणि वरून कापडाची पट्टी बांधली.

"आता देव वर, तुमी खाली. झोपा गप."

झोपले. संध्याकाळपर्यंत बोटाला लावलेल्या मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा चढला. मला रडूच आलं. दीर घरी न्यायला गाडी बघू लागले आणि मी मनातल्या मनात घर झाडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेत्रावती एक मशीन ढकलत आल्या. अशा आजारात रक्तवाहिन्यांचं काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. कोपराखाली बीपीचा पट्टा आवळायचा, पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि सोडायचं. चांगली नस लगेच रुंद होते, दंडावर यंत्र धरलं की ते पडद्यावर दिसतं. त्यांनी मालकांना उताणं केलं, पट्टा आवळला, सोडला. नस होती तशीच. थोड्या वेळानं पुन्हा केलं. तशीच.

"छाती सुधारायलीय न्हवं?" मी विचारलं.

"अक्का, हा विषाणू नुसता छातीत राहत नाही. नसांचं आतलं अस्तर खराब करतो, मग रक्ताच्या गुठळ्या होतात. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालूच आहे." त्यांनी पडद्याकडे बघितलं. "ज्यांची नस उघडते, ते बहुतेक घरी जातात."

उरलेल्यांचं काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. मालक जागे होते, ऐकत होते.

मला त्या डॉक्टर पोरीचा भयंकर राग आला. पेशंटसमोर असं बोलतात का?

"तुमचं मशीन बिघडलंय," मी म्हणाले. "मला लावून बघा. माझी बी उघडायची न्हाई."

माझी खात्रीच होती. इतक्या दिवसांत मला ना धड झोप होती ना जेवण. माझ्या नसा कुठल्या चांगल्या असणार? मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाले. नेत्रावती नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. हट्टात मीही काही कमी नाही.

पट्टा सुटला आणि पडद्यावर माझी नस रुंद होत गेली. मला त्यातलं काही कळत नाही, तरी दिसलं. ती मिटावी म्हणून मी मूठ आवळून धरली. तिला काही फरक पडला नाही.

मालकांनी मान वळवून सगळं बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल झाला.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजी तू ऱ्हातीस."

कुणाजवळ राहू, हे काही बोलले नाहीत.

मी पट्टा ओढून काढला. "यांचा हात आनखी एकदा बघा," नेत्रावतींना म्हणाले.

त्यांनी बघितला नाही. मान खाली घालून त्या मशीनच्या वायरी गुंडाळू लागल्या.