प्रिंटरला लागलेलं कुंकू

प्रिंटरनं करकर करत आणखी एक चिठ्ठी बाहेर टाकली. तिच्यावर वजनाऐवजी चौकोन, फुल्या आणि प्रश्नचिन्हांची खिचडी होती.

“बपोर सुधी जो, चिंधाभाई,” दारातून शेठ म्हणाले. “नहीं तो भंगार! मोबाइलवाळुं नवुं आवी जशे.”

दुपारपर्यंत तर दुपारपर्यंत. चिंधा पुन्हा टेबलाखाली शिरला. गोडादऱ्यातल्या या कापडाच्या घडी-खात्यात काट्यावर ताका ठेवला की जुना कॉम्प्युटर वजन घेई आणि प्रिंटर त्याची चिठ्ठी छापी. ती फाडून ताक्याला लावायची, हे उषाबाईंचं काम. बसून करायचं काम, म्हणून तर त्यांच्या जिवाची घालमेल चालली होती.

“भाऊ, हाई भंगारमा गयं ते माले दिनभर उभं राहीसन घड्या कराले लागतीन,” त्या हळूच म्हणाल्या. “मना गुडघाले नही झेपत.”

“दखू द्या ते!” चिंधा खालून म्हणाला.

लिंबायतच्या या गड्याला असल्या म्हाताऱ्या यंत्रांचा भारी लळा. मुलगा हजिऱ्याच्या कारखान्यात लागलेला. बाबा, आता घरी बसा, म्हणून मागं लागलेला. चिंधाचं काम तुटपुंजं उरलं होतं, पण तो मजेत होता. आपली दुरुस्ती कुणाला परत उघडावी लागली नाही, ही फुशारकी चहाच्या टपरीवर अजून ऐकायला मिळे.

त्यानं केबल बदलून पाहिली. पुन्हा खिचडी. प्रिंटरकडून त्याचीच चाचणी छापून घेतली, तर अक्षरं ठसठशीत. कॉम्प्युटरवर माहिती पाठवायचा वेगही बरोबर. म्हणजे दोघं धडधाकट. फक्त एक भरभर बोलत होता आणि दुसरा सावकाश ऐकत होता. त्यानं प्रिंटर फिरवला आणि मागं बॅटरी मारली.

वेग ठरवणाऱ्या इवल्या स्विचांची ओळ होती तिथं. प्रत्येकावर कुंकवाचा नेमका ठिपका. एकच स्विच खाली घसरलेला, आणि त्याच्या ठिपक्याला लांब शेपूट.

“काल दसरानी पूजा कोनी करी?”

“मीच. धाकल्या-मोठ्या समदास्ले लावं. कोनी सुटाले नको ना!” बोलता बोलता उषाबाईंचा चेहरा उतरला. “मनामुळेच व्हयनं का?”

चिंधानं पेचकसाच्या टोकानं स्विच वर केला, प्रिंटर बंद करून चालू केला. ताका काट्यावर चढला आणि चिठ्ठी आली, स्वच्छ वजनाची. आवाज ऐकून शेठ आत आले.

“शुं हतुं?”

उषाबाईंचा हात चिठ्ठीवरच थांबला.

“मारी भूल, शेठ. गया वखते एक स्विच ढीली रही गई हती,” चिंधानं मागच्या दुरुस्तीतली चूक म्हणून सगळं आपल्यावर घेतलं.

“घरडा थया, चिंधाभाई!” शेठ हसत निघून गेले.

म्हातारे झालात, असं आजवर कुठल्या गिऱ्हाइकानं त्याला म्हटलं नव्हतं. लागलंच ते. पण उषाबाई खुर्चीत टेकल्या, तसं त्याला बरंही वाटलं. त्यानं स्विचांवर चिकटपट्टी लावली. कुंकू पुसलं नाही.

“पुढला दसराले वर झाकनवर लावा.”

“आनि तुम्हना हत्यारस्नी पूजा?”

बायको शोभाबाई होती तोवर दर दसऱ्याला ती त्याची पिशवी उपडी करून सगळी हत्यारं पाटावर मांडायची. ती गेल्यापासून पिशवी नुसती खुंटीवर असे. चिंधानं नाही म्हणून मान हलवली.

उषाबाईंनी फळीवरून कुंकवाची डबी काढली. त्यानं पेचकस दोन्ही तळहातांवर ठेवून पुढं केला.

“हलकाच लावा,” तो म्हणाला.

त्या हसल्या आणि बोट जेमतेम टेकवलं. ठिपका सुकेपर्यंत चिंधा पेचकस तसाच तळहातांवर धरून उभा राहिला.