चुलीवर ठेवलेला आवाज

माझी नात ममता दहावी पास झाली ते साल दोन हजार आठ. आमच्या घरात दहावी पार करणारी ती पहिली मुलगी. तिचे पेढे घेऊन हरेश जव्हारहून आमच्या दाभोशाला आला, तेव्हा पुड्याखाली त्याच्या पिशवीत एक काळा डबा होता.

हरेश माझा मुलगा, जव्हारच्या शाळेत शिक्षक. त्याच्या क्वार्टरमध्ये दोन कॉम्प्युटर होते आणि दोन्ही वायरनं या डब्याला जोडलेले असायचे. दोन्हींवर जे काही केलं ते सगळं डब्याच्या पोटात राहायचं. पुढं एक दिवा, पाठीला बारीक जाळी. क्वार्टरचं छप्पर गळायला लागलं होतं, म्हणून पावसाळाभर त्यानं डबा माझ्याकडं दिला.

"आये, नीट जप. यात राहीबायची गाणी आहेत. दुसरीकडं कुठंच नाहीत."

राही माझी मोठी जाऊ. ती धवलेरी होती. आमच्याकडं लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते ती गाण्यानं. पृथ्वी कशी झाली, पाणी कुठून आलं, पहिलं धान्य कुणी आणलं, हे सगळं तिनं गाऊन सांगितलं की मग नवरानवरी नवरानवरी होतात. हे गाणं लग्नाच्या मांडवाबाहेर गळ्यातून काढायचं नाही. शिकणारीनंसुद्धा मांडवातच धवलेरीच्या पाठीशी बसायचं आणि कानांनी जमेल तेवढं उचलायचं. म्हणून हरेशनं चार वर्षं अकरा लग्नांत राहीच्या शेजारी छोटं मशीन ठेवून ते धरलं होतं. राहीला विचारूनच. ती म्हणाली होती, "धर बाबा, पण मांडवात धर."

आता आमच्या पावसात मीठ ठेवलं तर त्याचं पाणी होतं. डबा ठेवायचा कुठं? मी ठेवला तिथंच, जिथं माझ्या सासूनं आणि तिच्या सासूनं जपायची वस्तू ठेवली. चुलीवर टांगलेल्या बांबूच्या फळीवर. खालचा धूर लागला की ओल धरत नाही, कीड लागत नाही. चाळीस वर्षं मी तिथं बी ठेवलं, एक दाणा वाया गेला नाही. डब्याला पळसाच्या पानांत गुंडाळलं, वाखाच्या दोरीनं बांधलं आणि वालाच्या आणि काकडीच्या बियांमध्ये बसवलं. शिवाय रोज चुलीत एक ओलं लाकूड जास्त घालायची. राहीचा आवाज आहे, धूर कमी पडायला नको.

श्रावणात नागलीत निंदणी करताना राही बसली ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं, जीभ गेली. सरकारी दवाखान्यात जीव वाचला, बोलणं आलं नाही.

तिची मुलगी बाळी माझ्याकडं येऊन रडली. "काकी, माघात दोन लग्नं सांगितलीत आयेला. मला अर्धंच येतं. पृथ्वी उभी राहते तिथपर्यंत. पुढं धान्य कसं आलं ते मी शिकलेच नाही."

मी हसले. "अगं येडे, पुढचं माझ्या चुलीवर आहे."

भाद्रपदात हरेशनं डबा नेला आणि मीही त्याच्याबरोबर जव्हारला गेले. त्यानं वायर लावली. दिवा तांबडा झाला, आत टक टक वाजलं आणि बंद. परत लावली. नुसता जळका वास.

हरेशनं वायर काढली. पेटीतून एक कागद काढला. दोन वर्षांची वॉरंटी होती, सहा महिने शिल्लक. त्यानं मुंबईला फोन लावला, आवाज मलाही ऐकू येईल असा.

"बदलून मिळेल सर," पलीकडचा मुलगा म्हणाला. "जुना न उघडता पाठवा. सील फाटलं तर वॉरंटी गेली."

"आणि आत जे आहे ते?"

"त्याची जबाबदारी आमची नाही. नवीन मिळेल तो रिकामा असेल."

"जुना परत मिळेल?"

"नाही सर. तो इकडंच राहतो."

हरेशनं फोन ठेवला. मी तो कागद हातात घेतला. मी अक्षरं शिकले बावन्नाव्या वर्षी, साक्षरता वर्गात, म्हणून बोट ठेवून वाचते. एक बाजू हिंदीत होती. कशाकशानं बिघडलं तर बदलून मिळणार नाही ते खाली लिहिलं होतं. पानी. धूल. आणि मग धुआँ. तिथं माझं बोट थांबलं. मुकाट कागद खाली ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं.

"हरेश, मी तो चुलीवर ठेवला होता."

"काय?"

"फळीवर. बियांच्या मध्ये. ओल लागू नये म्हणून."

 त्यानं डबा नाकाशी धरला. "तरीच म्हटलं, याला वालाचा वास कसा."

"मारायचं तर मार, पण गाणं काढ."

"आये, उघडला की हा कागद मेला. पुसून पाठवला तर निदान नवा तरी येईल."

"रिकामा डबा घेऊन बाळी काय मांडवात बसेल? उघड."

बाजारात अतहरचं दुकान. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हा टीव्ही आणि कॉम्प्युटर करतो. त्यानं सील फाडलं, झाकण काढलं आणि बोट फिरवून मला दाखवलं. बोट काळं.

"मावशी, हा डबा आहे का तवा?"

"भाकरी भाजली नाही रे त्यावर, एवढंच राहिलं."

पंखा काजळीनं घट्ट बसला होता. खालची पट्टी जळली होती. पण आत आणखी एक लोखंडी पेटी होती, विटेपेक्षा लहान, चारही बाजूंनी मिटलेली. अतहर म्हणाला, "गाणं यात आहे. ही उघडायची नाही. धुळीचा एक कण गेला तरी संपलं." आणि मला कळावं म्हणून त्यानं खणातून तसलीच एक मेलेली, उघडी पेटी काढली.

आत एक थाळी होती. देवाच्या थाळीलासुद्धा मी एवढी चकाकी बघितली नाही. त्यात माझं तोंड दिसलं, सुरकुती न् सुरकुती. त्यावर रेघ नाही, अक्षर नाही, खाच नाही.

"अशावर राही बसली आहे?"

"अशावरच," अतहर म्हणाला.

 अकरा लग्नं, त्यांच्या हळदी, तारप्याचे सूर, रडणारी पोरं, सगळं अशा कोऱ्या थाळीवर. आणि मी तिला धूर देत होते.

अतहरनं पेटी आपल्या कॉम्प्युटरला जोडली. पडद्यावर चौकोन आला.

"काय म्हणतोय?"

हरेशनं वाचून सांगितलं. "म्हणतोय यात काही नाही. पाटी कोरी करून देऊ का, विचारतोय."

अतहरनं विंचवावरून उचलावा तसा हात उचलला. त्यानं मागच्या दारातून हाक मारली. त्याची मुलगी हुमा नाशिकला कॉम्प्युटर शिकत होती, ईदसाठी घरी आली होती. तिनं चौकोन वाचला आणि हसली.

"काही गेलं नाही, नानी. यावर लिहिलंय वेगळ्या पद्धतीनं. आमच्या कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही, म्हणून त्याला कोरं वाटतं. मी वाचणारा लावते."

हे मात्र मला कुणी समजावून सांगायला नको होतं. बावन्न वर्षं मीही एसटीच्या पाट्या अशाच कोऱ्या बघितल्या होत्या.

हुमानं एक चकती घातली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नावांची रांग आली. हरेशनं एकावर बोट ठेवलं.

आणि राही गायला लागली.

तिची जीभ दाभोशाला खाटेवर मुकी पडली होती आणि इकडं बाजारात ती धान्य आणत होती, डोंगर ओलांडून, मुंग्यांच्या मागून, दाणा दाणा. अतहरच्या हातात पकड होती ती तशीच राहिली. दारातली दोन गिऱ्हाइकं आत आली नाहीत, उभीच राहिली. मला एकदम आठवलं की हे मांडवाबाहेर चाललंय. पदराच्या गाठीत तांदूळ होते, दवाखान्यात राहीवरून उतरवून ठेवलेले. ते मी सोडले आणि त्या लोखंडी पेटीपुढं ठेवले. अतहरनं तांदळाशेजारची काजळी आपल्या बाहीनं पुसली.

हरेशनं गाणी चार चकत्यांवर उतरवली. एक अतहरकडं ठेवली. नवा डबा काही आला नाही.

दाभोशाला राहीला विचारल्याशिवाय मी मशीन लावलं नाही.  डावा हात उचलून तिनं हवेतच तांदूळ टाकले, मांडवात टाकतात तसे. बाळी मशीनच्या पाठीशी जाऊन बसली, आईच्या पाठीशी बसायची तशीच. राही आपलाच आवाज ऐकत पडली होती. बाळी कुठं चुकली की तिचा डावा हात खाटेवर आपटायचा.

माघात सूर्यमाळच्या लग्नात बाळीनं गाणं शेवटपर्यंत नेलं. राहीला आम्ही जीपमधून नेलं होतं, मांडवाच्या खांबाशी खाट टाकली होती. एकदाही हात आपटला नाही.

राही धवलेरी चौदा मार्च दोन हजार नऊला, होळीनंतर, सकाळी दाभोशाला वारली.