गल्ल्यावर कोण

अण्णांच्या बुटांच्या दुकानावर सगळं गाव जीव टाकायचं. अण्णा होतेच तसे. गिऱ्हाईक बडं असो की फाटकं, स्वतः गुडघे टेकून त्याच्या पायात बूट घालायचे, वर घरच्यांची विचारपूस. घरात मात्र थोरल्या मुलीनं, ताईनं, दुकानात येते म्हटलं की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "पोरीनं लोकांच्या पायाला हात लावायचा नाही. माझा राजा सांभाळेल."

राजा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. त्यानं सांभाळली ती फक्त गल्ल्यावरची खुर्ची. गिऱ्हाईक आलं तरी साहेब उठायचे नाहीत, "कपाटातून काढून बघा" म्हणायचे. बघता बघता दुकानात माश्या मारायची पाळी आली.

तोवर ताई दुसऱ्यांच्या दुकानांत राबून हा धंदा कोळून प्यायली होती. अण्णांचं दुकान विकायला निघालं तेव्हा तिनंच ते घेतलं. वडिलांवरच्या मायेचा त्यात लवलेश नव्हता. अण्णांनी एकदा चारचौघांत कबूल करावं की दुकान तिचं आहे, एवढीच तिची हाव होती.

तिनं उसवलेले बूट शिवायला कारागीर बसवला, सुजलेल्या पायांसाठी रुंद बूट मागवले, म्हाताऱ्यांना धरून उठता येईल अशा खुर्च्या आणल्या. गिऱ्हाइकांची रीघ लागली. राजाला तिनं पगारावर ठेवलं. पण अण्णा आले की तो लगबगीनं गल्ल्यावर जाऊन बसे, आणि अण्णा येईल त्याला सांगत, "पोरानं दुकान वर काढलं बघा. ताई असते मदतीला!" ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

एकदा ऐन गर्दीत अण्णा नवे बूट घ्यायला आले. राजा गल्ल्याकडे वळला, तर ताई आधीच तिथं बसलेली.

"राजा, गिऱ्हाईक आलंय. बूट घाल त्यांना."

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. राजा निमूटपणे गुडघ्यावर बसला. अण्णांनी पाय मागं घेतला.

"ऊठ रे! ही कोण तुला हुकूम सोडणारी?"

"ते तुम्हीच सांगा, अण्णा," ताई म्हणाली. "मी कोण?"

अण्णांनी राजाकडे पाहिलं. राजा खाली मान घालून पुटपुटला, "सांगून टाका ना. पगार तीच देते मला."

"मालकीण," अण्णा कसंबसं म्हणाले.

"मागच्यांना ऐकू आलं नाही."

"मालकीण आहे ही दुकानाची! झालं समाधान?"

त्यांचा आवाज फाटला. ऐन वेळी आपल्याला कीव येईल, अशी ताईला धास्ती होती. तसलं काही झालं नाही. तिला फार बरं वाटलं, इतकं की स्वतःचीच जराशी भीती वाटली.

"झालं," ती म्हणाली. "राजा, मालकीण सांगतेय. घाल त्यांना बूट."

राजानं अण्णांचा पाय पुढं ओढला. या खेपेला अण्णांनी तो ओढू दिला.