मित्रोस काराबेलासचा अर्ज

फोकिओन कलारासांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि खुर्चीशेजारी उभं राहूनच भाषण सुरू केलं. पूर्वी ते खुर्चीवर चढून बोलत. आता पासष्टी आली होती, आणि ड्रिमोना गावच्या चौकातल्या खुर्च्यांचाही भरवसा वाटत नव्हता. चिनाराखाली तीस-पस्तीस माणसं बसली होती. त्यांची मुलगी इस्मिनी मोटारीला टेकून हातातल्या कागदावरचे मुद्दे पाहत होती. गेली दहा वर्षं तीच त्यांची चिटणीस होती.

"युद्धात तुमची शाळा जळाली," फोकिओन म्हणाले. "आमचा पक्ष निवडून आला तर पुढच्या सप्टेंबरच्या आत..."

"आणि पूल?"

मागच्या रांगेतून आवाज आला. पाठीत जरासा वाकलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस उठून उभा राहिला होता.

"पुलाबद्दलही बोलणार आहे मी."

"छत्तीस साली बोलला होतात. याच झाडाखाली. तेव्हा माझं खेचर तरुण होतं, मंत्रिसाहेब. पुलाची वाट बघत मेलं बिचारं."

चौक हसला. फोकिओनही थोडे हसले. अशा माणसांना कसं हाताळायचं हे त्यांना तीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. आधी नाव विचारायचं, मग त्या नावानिशी कौतुक करायचं. पण नाव विचारण्याआधीच कॉफीच्या दुकानाचा मालक दारातून ओरडला,

"मित्रोस काराबेलास, बस की खाली. पाहुण्यांना बोलू दे."

फोकिओनांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथंच राहिला. इस्मिनीनं वर पाहिलं. वडील पुढचा मुद्दा विसरले असावेत असं वाटून तिनं ओठांनीच "रस्ता, रस्ता" अशी आठवण केली. त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायले, दोन वाक्यांत भाषण आटोपलं आणि खाली बसले.

चोवीस वर्षांपूर्वी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी फोकिओन न्यायमंत्री होते. उत्तरेकडे संपावर गेलेल्या तंबाखू कामगारांवर गोळी झाडायला एका कॉर्पोरलनं नकार दिला. लष्करी न्यायालयानं त्याला मृत्युदंड दिला आणि त्याचा दयेचा अर्ज फोकिओनांच्या टेबलावर आला. सही करायला एक मिनिट पुरलं असतं. पण सैन्यातले कर्नल सरकारवर आधीच डोळे वटारून होते, त्यांना डिवचायचं कसं, म्हणून त्यांनी तो कागद तीन दिवस तसाच पडू दिला. तिसऱ्या संध्याकाळी एकदाची सही करून त्यांनी तार पाठवली. त्याच रात्री कर्नलांनी सरकार उलथवलं. पहाटे फोकिओनांना एका बोटीत बसवून उजाड बेटावर नेऊन टाकलं. शिक्षेची वेळही त्याच पहाटेची होती.

तार वेळेत पोचली की नाही, हे त्यांना कळलंच नाही. चार वर्षांनी ते सुटून आले. मग शिक्षणमंत्री झाले, सात आठवडे पंतप्रधानही होते. जुनं दप्तर मागवायला एक चिठ्ठी पुरे होती. ती त्यांनी कधी लिहिली नाही. विचारलं नाही तोवर तो माणूस जिवंत असू शकत होता.

माणसं पांगू लागली तसे फोकिओन उठले आणि मित्रोसच्या टेबलाशी गेले.

"बसू का?"

"बसा की. खुर्ची काही माझ्या बापाची नाही."

"तुम्ही सैन्यात होतात?" फोकिओनांनी विचारलं. आवाज साधा ठेवायला त्यांना कष्ट पडले.

"होतो. कॉर्पोरल होतो." मित्रोसनं मिशीवरून हात फिरवला. "तुम्हाला कुणी सांगितलं? या कॉफीवाल्यानं? तो सगळ्यांना सांगतो. मला गोळ्या घालणार होते, ठाऊक आहे? भिंतीशी उभं केलं होतं. डोळ्यांवर फडकंही बांधलेलं."

"मग?"

"मग तारेचा माणूस आला धापा टाकत. कॅप्टननं तार वाचली आणि घडी करून खिशात टाकली म्हणे. आधी कॉफी संपवली त्यानं. मला दिसत नव्हतं, पण पेल्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, याला परत आत न्या. पाच वर्षं काढली तुरुंगात, मग सोडून दिलं."

 फोकिओनांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते आणि ते त्या हातांकडेच पाहत होते.

"तार कुणी केली होती?" त्यांनी विचारलं.

"अथेन्समधल्या कुठल्याशा मंत्र्यानं. नाव कुणाच्या लक्षात राहतं? सहा महिन्यांनी नवा यायचा तेव्हा. पण वकील सांगत होता, माझा अर्ज तीन दिवस त्याच्या टेबलावर पडून होता. तीन दिवस." मित्रोसनं तीन बोटं वर धरली. "एक सही करायची, तर तीन दिवस काय करत बसला होता, देव जाणे. कधी भेटला असता तर विचारलं असतं."

इस्मिनीनं मोटारीचा भोंगा वाजवला. फोकिओनांनी मागं पाहिलं नाही.

"घाबरला असेल," ते म्हणाले.

मित्रोसनं विचार केला. घाईनं मान्य करण्यातला तो माणूस नव्हता. कॉफीचा गाळ त्यानं पेल्यात दोनदा गोल फिरवला.

"असेल," तो म्हणाला. "मीही घाबरलोच होतो. चड्डी ओली झाली होती, आता तुमच्यापासून काय लपवायचं. पण त्यानं सही केली आणि मी गोळी झाडली नाही. म्हणजे झालं."

फोकिओनांनी खिशातून रुमाल काढला, नाक पुसलं आणि रुमाल पुन्हा खिशात घालायला त्यांना बराच वेळ लागला.

"मुलं किती तुम्हाला?"

"पाच. थोरली अठराची." मित्रोस संशयानं पाहू लागला. "का? नोकऱ्या देणार? मत मी देणार नाही, आधीच सांगून ठेवतो. पूल नाही तर मत नाही."

"नका देऊ. नावं सांगा त्यांची."

मित्रोसनं सांगितली. फोकिओनांनी प्रत्येक नावाला मान डोलावली, जणू ओळीनं समोर उभी राहिलेली मुलं ते मोजून घेत होते. मग ते उठले. हस्तांदोलन करताना त्यांनी मित्रोसचा हात इतका वेळ धरून ठेवला की शेवटी मित्रोसनंच तो सोडवून घेतला.

मोटार गावाबाहेर पडून डोंगराच्या वळणाला लागली. इस्मिनी म्हणाली, "हे गाव गेलंच म्हणायचं, बाबा."

"हो, गेलं," फोकिओन म्हणाले. त्यांनी कॉलरचं बटण सोडलं आणि खिडकीची काच पूर्ण खाली केली. वाऱ्यानं त्यांचे विरळ केस उडाले, पण ते नीट करायला त्यांनी हात उचलला नाही. इस्मिनीला ते नवीनच होतं.

ते काहीतरी पुटपुटत होते. "व्हासिलो, स्टेरिओस..." मग थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबले. मग पुढं वाकून त्यांनी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"गाडी मागं फिरव जरा."

"पुढच्या गावी लोक खोळंबलेत, बाबा," इस्मिनी म्हणाली. "काय राहिलं तिथं?"

"तिसऱ्याचं नाव विसरलो," फोकिओन म्हणाले. "विचारून येतो."