गळ्यात मिरवलेली दुर्बीण

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि आज माझा राग नाकाच्या शेंड्यावर आहे. का, ते ऐका आणि तुम्हीच सांगा माझे काही चुकते का.

कारखान्यात माझी भिंगे घासून घासून आरशासारखी केली. एका चष्मेवाल्याने मला हौसेने घरी आणले. सुरुवातीला जो तो मला डोळ्यांना लावून म्हणे, "काय लख्ख दिसतंय!" पुढे मी कपाटावर गेले आणि धूळ खात पडले. गावाला नजर देणाऱ्याच्या घरी ही तऱ्हा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

या सुट्टीत चष्मेवाला आणि त्याची बायको गाडी काढून किनाऱ्याकिनाऱ्याने फिरायला निघाले. पक्षी बघायचे म्हणून मला घेतले खरे, पण त्याने मला गळ्यात नुसते मिरवले. वाळूवर तंबू ठोकला, घडीची खुर्ची मांडली. तेवढ्यात चिखल्या पक्ष्याची मादी, वाळूच्याच रंगाचा चिमुकला जीव, एक पंख फरफटत समोर लंगडू लागली.

"अगं, पंख मोडलाय बिचारीचा! टॉवेल दे, पकडतो तिला."

ती पुढे, हा मागे आणि मी त्याच्या ढेरीवर धाडधाड आदळते आहे. लांब गेल्यावर ती भुर्रकन उडाली. हा घामाघूम होऊन परतला, तर बाईसाहेब पुन्हा तंबूपाशी लंगडत हजर! हा पुन्हा धावला. अरे शहाण्या, एकदा माझ्यातून बघ की! पण पालथ्या घड्यावर पाणी. इकडे ऊन चढत होते.

शेवटी बायको वैतागली. "अहो, पुरे झालं! ती दुर्बीण द्या इकडे."

तिने माझे चाक फिरवले. आत गेलेली वाळू करकरली, तरी मी नेटाने दाखवले. लांबवर मादी धडधाकट उभी होती. दोन पावले तंबूकडे यायची, थबकायची, मागे फिरायची.

"तिला काहीही झालेलं नाही. नाटक करतेय ती. आपल्याला इथून लांब न्यायला बघतेय."

"का? इथे काय आहे?"

बायकोने खाली पाहिले. खुर्चीजवळच्या खळग्यात ठिपक्याठिपक्यांची दोन अंडी उन्हात तापत होती. तिसरे खुर्चीच्या पायाखाली होते.

त्याने खुर्ची अलगद उचलली. दोघांनी तंबू उपटला आणि पार गाडीपाशी नेला. मग त्याने आपणहून मला डोळ्यांना लावले. मादी धावत आली, फुटकी कवचे चोचीत धरून एकेक करून लांब टाकून आली आणि उरलेल्या दोन अंड्यांवर बसली. माझी काच ओली झाली, त्याच्या डोळ्यांकडची.

मित्रांनो, मला पुसा, वाळूपासून जपा, एवढे तर कराच. पण तंबूची खुंटी ठोकण्याआधी मला एकदा डोळ्यांना लावा. लांबचे जवळ आणायला मी समर्थ आहे. फुटलेले अंडे परत आणणे मला जमत नाही.