लांडग्याचा जामीन

माझा उजवा हात शनिवारपासून लांडग्याच्या तोंडात आहे. आज मंगळवार. लांडगा वागायला सभ्य आहे. अजून त्याने दात टेकवलेले नाहीत.

कोल्हापूरजवळच्या एका स्टुडिओत युरोपाच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवांवर विनोदी सिनेमा चालू आहे. संवाद माझे. गोष्टीत देव लांडग्याला फितीने बांधतात, म्हणतात, "गंमत आहे, लगेच सोडू." लांडगा जामीन मागतो, म्हणून एक देव त्याच्या तोंडात हात ठेवतो. देव काही फीत सोडत नाहीत. हात जातो.

आमच्या लांडग्याने हे सगळं वाचलं होतं. म्हणाला, नटाचा नको, लिहिणाऱ्याचा हात द्या.

"द्या की अण्णा," दिग्दर्शक हेरवाडे म्हणाले. "तुम्ही आता रिटायर. हात रिकामाच असतोय तुमचा."

सत्तरीनंतर माणूस वाद घालत नाही. मी बाही सारली.

फीत मांजरांच्या पावलांच्या आवाजाची आहे. आसपासच्या मांजरांकडून तो काढून घेतला. तेव्हापासून गल्लीत फारच शांतता असते. शनिवारी लांडगा पामेरियनएवढा होता. शॉटच्या प्रत्येक टेकला तो वाढतो. रविवारी मी स्टुलावर होतो, काल टेबलावर, आज शिडीवर. त्याची पाठ छताला टेकली आहे. दरवाजा त्याने बुजवलाय, त्यामुळे चहा खिडकीतून येतो. मी डाव्या हाताने पितो.

तो बोलतो तेव्हा जीभ बोटांना लागते. शब्द मला हातातूनच कळतात.

"अण्णा, शॉट झाल्यावर सोडणार ना मला? खरं सांगा. खरं सांगितलंत तर हात आत्ताच परत."

मी खाली विचारलं, "हेरवाडे, याला सोडणार ना?"

"म्हणजे काय! लगेच!" मग ते दोन पायऱ्या चढून आले आणि कुजबुजले, "सोडून कसं चालेल? एवढा वाढलाय, बाहेर गाव आहे. बांधला नाही तर उद्या भिंती पाडेल. तुम्ही नुसतं हो म्हणा. तुमच्यावर विश्वास आहे त्याचा."

चाळीस वर्षं मी लिखाणात लोकांचं खोटं पकडून पोट भरलं. त्यामुळे खोटं कसं बोलतात, हे मला पाठ आहे.

"काय म्हणाले?" लांडग्याने विचारलं.

"अण्णा, बोला की," हेरवाडे म्हणाले.

हाताला आत छान ऊब होती. खांदा मात्र फार दुखत होता.

"सोडणार," मी म्हणालो.

लांडग्याने शेपूट हलवलं. भिंतीला तडा गेला. मग त्याने स्वतःहून दोन्ही पंजे जोडून पुढे केले, आणि लोक फीत घेऊन धावले.

तेवढ्यात कपडेपटातले दस्तगीर टेलर टेप घेऊन शिडी चढून आले. "पुढच्या सीनचा अंगरखा, अण्णा. हलू नका."

डावी बाही त्यांनी मनगटापर्यंत मोजली. उजवी कोपरापर्यंत मोजली, आकडा वहीत लिहिला आणि टेप गुंडाळला.

लांडगा वहीकडे पाहत होता.